पाच जणींचे एकच आकडे

कोल्हापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्काताई आत्यास,
निशिगंधाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. परवा महिला मंडळाच्या तुम्ही पाच जणी कोडोलीहून आलात, आमच्या कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत तासभर बसलात. फार बरं वाटलं.

तुम्ही पाहिलेली चाळीस दृश्यं दहा-दहा सेकंदांची होती. मूळ चित्रफीत फार जड असते. दाबून हलकी केल्याशिवाय ती घरोघरच्या टीव्हीवर पोचत नाही. किती दाबली की डोळ्याला खुपते, हे यंत्राला नीट कळत नाही, माणसालाच कळतं. म्हणून एक ते पाच गुण मागितले होते.

आता अडचण. तुमच्या पाचही कागदांवर चाळीसच्या चाळीस आकडे एकमेकींशी तंतोतंत जुळतात. आमच्या प्रमुख सोनम मॅडम म्हणाल्या, हे कागद बाद. मग उरतात अकरा माणसं, आणि किमान पंधरा लागतात. वीस तारखेला अहवाल दिला नाही तर माझं वर्षभराचं काम फुकट. नक्की काय झालं, मोकळेपणी कळवा.

राग मानू नये. माया आहे तेवढीच राहू द्यावी.

तुमची,
निशिगंधा


कोडोली,
७ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मॅडमना सांग, आम्ही कॉपी केली न्हाय. ठराव केला.

मंडळात कुठलीही गोष्ट आम्ही एकमतानं करतो. तुझ्या खोलीत बोलायची बंदी, म्हणून मी मांडीवर बोटं टेकवत होते. चार बोटं म्हणजे चार. बाकीच्या बघून लिहीत होत्या. अंधारातही दिसावं म्हणून पांढरं लुगडं नेसून आले होते, हे आता सांगून टाकते. तीनच्या खाली गेले नाही. भाचीनं दाखवलेल्याला वाईट कसं म्हणायचं?

तुझं वर्ष जाईल हे वाचून जेवण गेलं नाही. गुरुवारी पाचही जणी परत येतो. एकेकीला आत घे. आमच्यातली चिमणाबाई घाबरली आहे. विचारत होती, की आपला आकडा चुकला तर निशीचं नुकसान होईल काय. तिला समजाव, मला ते जमेना.

आठवणीत ठेव. वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या


कोल्हापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुरुवारचे पाचही कागद धरले. आता सोळा माणसं झाली. अहवाल आजच दिला.

गंमत ऐका. रंकाळ्याच्या पाण्याचं एक दृश्य होतं. वाऱ्यानं लाटा उठतात, एवढंच. बहुतेकांनी चार-पाच दिले, तुम्ही पाच. चिमणाबाईंनी दोन. मॅडमना वाटलं, त्यांना रीत समजली नसावी. पण तेच दृश्य न सांगता पुढं पुन्हा दाखवलं होतं, तिथंही दोन. आणि त्याच पाण्याच्या न दाबलेल्या दृश्याला पाच. मॅडमनी त्यांना कारण विचारलं. त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, “पाणी मधनंच थिजतंय, आणि पुन्हा दचकून चालाय लागतंय.”

मॅडम खुर्ची पुढं ओढून बसल्या. सहाव्यांदा बघताना त्यांना ते दिसलं. दर सेकंदाला लाट क्षणभर गोठत होती. आम्ही महिनाभर ते दृश्य रोज पाहत होतो, तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चूक सुधारली, आणि अहवालात त्यावर एक पान वाढलं.

चिमणाबाईंना नमस्कार. तुमचे पाच गुणही धरलेत, काळजी नको.

लोभाची,
निशिगंधा


कोडोली,
२ मार्च २०२५

चि. निशिगंधास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मंडळात दोनदा वाचून दाखवलं. पाचातल्या एकीनं विचारलं, की अध्यक्षांनी पाच का दिले. मी म्हटलं, मला लाटा आवडल्या. सगळ्या हसल्या, मीही.

काल मंडळाची वार्षिक सभा झाली. दरवर्षी कुणीतरी अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवतं, सगळ्यांचे हात वर जातात आणि चहा येतो. अकरा वर्षं असंच. यंदा मी बावीस चिठ्ठ्या वाटल्या. एकमेकींकडं न बघता लिहायचं, असं सांगितलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून लिहिलं.

चिमणाबाईला चौदा, मला आठ. माझी चिठ्ठी त्या चौदांतली.

ती खुर्चीवर बसायला तयार होईना. दोघींनी धरून बसवली. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा सतरंजीवर बसले. तिथं पाय पसरता येतात.

सवडीनं ये. मॅडमनाही घेऊन ये.

तुझी आत्या