सागल आणि लीबान यांना सारखा वाटा

मी, ऊबाह गुलेद समतर, वय एकाहत्तर, राहणार ईस्टली, नैरोबी, कापडाच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

कलम १. माझे दफन मुसलमान कब्रस्तानात, आमच्या रीतीने करावे. मी धर्म सोडल्याची आवई काहींनी उठवली होती. ती खोटी आहे.

कलम २. दुकान मी हयातीतच बक्षीसपत्राने मुलगी सागल आणि मुलगा लीबान यांना निम्मे-निम्मे दिले आहे. आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्माच वाटा मिळतो. माझ्या वडिलांना अखेरपर्यंत सांभाळले मी, आणि दुप्पट वाटा गेला दफनालाही न आलेल्या भावाला. हा न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. हे मी रेडिओवर बोलले. त्यानंतर माझे दीर शेख दाहिर यांनी माझ्या घरी येणे सोडले.

कलम ३. माझे शिलाई मशीन आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एस्तेर म्वेंडे हिला द्यावे. ती शिवणकाम करते. माझे रेडिओवरचे बोलणे ऐकून तिने मला मिठी मारली होती. पुढे शहरात बॉम्ब फुटला आणि आमच्या अंगणात भाडेकरूंची सभा भरली. संशय आम्हा सोमाली मुसलमानांवर होता; आम्हाला इमारतीतून काढायचे, असा विषय होता. एस्तेरने सगळ्यांदेखत मला पुढे केले.

म्हणाली, "ऊबाह, तूच सांग यांना. तुमचा धर्म कसा आहे ते तू रेडिओवर सांगितलंसच की."

"मी एका नियमाविषयी बोलले, एस्तेर. नियम बदलता येतो, म्हणून भांडते. तुम्ही बोलताय ते माझ्या लीबानविषयी. त्यानं काय बदलायचं? जन्म देणारी आई?"

"तुझं नाही गं म्हणत. तू वेगळी आहेस."

"मी वेगळी नाही. आधी माझी खोली रिकामी करा, मग बाकीच्यांच्या."

सभा काही न ठरता उठली. तरी वरच्या मजल्यावरचे एक सोमाली कुटुंब भीतीने निघून गेलेच. त्यांच्या धाकटीचा अर्धवट शिवलेला झगा एस्तेरकडे राहिला. कित्येक महिन्यांनी तो पूर्ण करून ती माझ्या दारात आली आणि त्यांचा पत्ता विचारू लागली. पत्ता मलाही ठाऊक नव्हता. आम्ही दोघी उंबऱ्यातच बसून राहिलो. माफी तिने मागितली नाही. मशीन तरीही तिलाच द्यावे.

कलम ४. सभेची बातमी ऐकून शेख दाहिर माझ्याकडे आले होते.

"पाहिलंत, वहिनी? तुमचेच शब्द त्यांनी दगडासारखे उचलले. आता तरी गप्प बसा."

मी म्हणाले, "भावजी, ते माझ्या तक्रारीला द्वेष बनवतात, आणि तुम्ही तिला द्वेषच समजता. तक्रार मात्र कोणीच ऐकत नाही."

ते दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग म्हणाले, "सांगा, ऐकतो." त्या दिवसापासून आम्ही भांडतो आहोत. त्यांना माझे पटलेले नाही, पण ते दर शुक्रवारी येतात.

माझ्या नवऱ्याची कुराण ठेवायची लाकडी रेहाल मी त्यांना ठेवणार होते. ते म्हणाले, "मला काही ठेवू नका. घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही." म्हणून रेहाल मशिदीला द्यावी.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

ऊबाह गुलेद समतर (सही)
ईस्टली, नैरोबी, ९ ऑगस्ट २०१९

साक्षीदार:

१. डॉ. लिलियन अछियेंग (सही)

२. शेख दाहिर अब्दुल्ले (सही). कलम २ मला मान्य नाही. वहिनी पूर्ण शुद्धीवर आहेत आणि त्यांनी माझ्यासमोर स्वखुशीने सही केली आहे. कोणी वाद घातला तर मला बोलवावे.