बुदैयाच्या रस्त्यावरचा गोग्रास

नईम, मनामा
शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप अण्णा,

सदानंदाचं डोकं आपल्या पायांवर. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? आईचा खोकला थांबला असावा, अशी आशा आहे. इकडे सौ. शुभदा ठीक, मीही ठीक (बसण्याची जागा वगळता, कारण पुढे येईलच).

काल बाबांचं वर्षश्राद्ध. वाईला आपण, थोरले चिरंजीव म्हणून, सगळं यथासांग केलंच असणार. मला तिकडे यायला मॅनेजरने लीव्ह नाकारली, तेव्हा ‘निदान गाईला घास घाल, आणि तिने तो खाल्ल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नकोस’ ही आपली आज्ञा मी शिरोधार्य मानली. आज्ञा देणं सोपं असतं, अण्णा. तिकडे दार उघडलं की गाय आत डोकावते. नईममध्ये मांजरं आहेत, बकऱ्या आहेत. दूध डब्यातून येतं आणि गाय फक्त डब्यावरच्या चित्रात असते. (शुभदाने त्या चित्रालाच नैवेद्य दाखवायचं सुचवलं. मी रागावलो, पण त्याआधी थोडा विचार केला होता, हे आपल्यापासून लपवत नाही.)

गाई जिदहफ्स गावाच्या पलीकडे, बुदैयाच्या रस्त्याला, खजुरांच्या बागांत असतात असं कळलं. आमच्या बँकेतला जयप्रकाश दर शुक्रवारी तिकडे सायकलवर जातो, कामासाठी नव्हे, मौजेसाठी! त्याच्याकडे जास्तीची सायकल होती. मी हौस म्हणून येतो असं सांगितलं. खरं बोललो असतो तर त्याने टॅक्सी करायला लावली असती, आणि टॅक्सीवाल्याला ‘गाय दिसेल तिथे थांब’ हे कुठल्या तोंडाने सांगणार? कॅरियरला वडे, भात आणि खिरीचा डबा बांधून निघालो. कॉलेजनंतर प्रथमच सायकलवर बसलो आणि ते सायकलच्याही ताबडतोब लक्षात आलं. जिदहफ्स सुटेपर्यंत अर्धी खीर माझ्या पँटवर आली होती. पुढे रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना खजूर, पाटाचं पाणी, मधूनच एखादा गोठा. जयप्रकाश हँडल सोडून गाणी म्हणत होता आणि मी प्रत्येक कुंपणाशी उतरून आत डोकावत होतो. गाढव. बकऱ्या. एका ठिकाणी उमदे घोडे (तिथल्या राखणदाराने मला चोर समजून दगड उचलला). मग उंट. त्याने डब्याकडे इतक्या आशेने पाहिलं की माझं धर्मज्ञान डळमळलं. समोरून वारा, घशाला कोरड. बाबा उपाशी राहतील, या एकाच भीतीने मी पायडल मारत होतो.

शेवटी एका बागेत गाय दिसली. तपकिरी, हडकुळी, पण गाय. तिला चारा घालणाऱ्या म्हातारीचं नाव जुबैदा, हे मागाहून कळलं. माझं अरबी बाजारहाटापुरतं. मी डबा दाखवला, आभाळाकडे बोट केलं आणि म्हणालो, “बाबा... खलास.” बाईंच्या हातातला चारा गळाला. वडील आत्ताच गेले आणि मुलगा तसाच धावत आला, असा त्यांचा समज झाला (माझा अवतार पाहता दोष देता येत नाही). त्यांनी घर गोळा केलं, मला चटईवर बसवलं आणि डबा हातातून घेतला. गेलेल्या माणसाच्या नावाने अन्न वाटायची रीत त्यांच्यातही आहे. मी गाईकडे बोट दाखवून “हिला, हिला” म्हणेपर्यंत वडे वाटूनही झाले. सगळ्यांनी हात पसरून बाबांसाठी दुआ मागितली आणि मगच खाल्लं. जयप्रकाश टोपी काढून उभा होता. गाईने नंतर रिकामा डबा चाटला. चाटणं हे शास्त्रात खाणं धरतात का, तेवढं भटजींना विचारा.

अण्णा, तार आली त्या दिवशी मी ऑफिसला गेलो होतो. रडायला जमलंच नव्हतं. काल ती परकी बाई समोर बसून माझ्या वडिलांसाठी डोळे पुसू लागली, तेव्हा जमलं. खूप रडलो. मग त्यांनी दिलेला खजूर खाल्ला, पाणी प्यालो. आज्ञा मोडली की पाळली, ते आपणच ठरवा. आपण रागावलात तरी पत्र मात्र लिहा.

आपला धाकटा,
सदानंद

ता. क. आईला मात्र गाय पोटभर जेवली असंच सांगा.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. बाबांचा अगदी शेवटचा एखादा फोटो असला तर पाठवा. जुबैदाबाईंनी खुणेने विचारलं, दिसायला कसे होते? मी ऐटीत भरघोस मिशा दाखवल्या, रुंद छाती दाखवली. परतताना लक्षात आलं, हे तर मी वाईहून निघालो तेव्हाचे बाबा. आजारपणात त्यांची मिशी काढली होती का, अण्णा?