डेल्बर्टचे वरचे एकोणीस तास

अर्लिसताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डुलुथला बर्फ पडायला लागला असेल, उगाच बाहेर उंडारू नकोस. आई ठणठणीत आहे. (माझी तब्येत तू कधी विचारत नाहीस, तरी सांगते: वैतागलेली आहे.)

ती युनिव्हर्सिटीची मिस थोरसन यंदाही आली होती. दर वर्षी येते आणि घरात माणसं किती, बायको कमावते का, नवरा आठवड्याला किती तास कामावर असतो, सगळं लिहून नेते. अशी नऊशे घरं गोळा करून त्यांनी कॉम्प्युटरात एक मॉडेल केलंय. घरात काय असलं की पुरुष किती राबतो, ते त्यातून निघतं. मूल झालं की तास चढतात, बायको नोकरीला लागली की थोडे उतरतात. (ह्याला कॉम्प्युटर कशाला? मी फुकट सांगितलं असतं.)

या खेपेला मी तिला सोडलंच नाही. म्हटलं, "पोरी, आमच्या घराचं काय निघालं ते सांग, मगच केक मिळेल." एकेका घराचं सांगायचं नसतं म्हणे. पण केक सफरचंदाचा होता. दाबली तिनं बटणं. मुलं घराबाहेर पडलेली, बायको शाळेच्या स्वयंपाकघरात, सासू घरात, अशा पुरुषाचे तास निघाले चव्वेचाळीस. आमचा डेल्बर्ट कागदाच्या गिरणीत त्रेसष्ट भरतो! म्हटलं, वरचे एकोणीस कशापायी? तर म्हणते, "ते मॉडेलला समजत नाहीत, मॅम. त्याला आम्ही न उलगडलेला भाग म्हणतो." अगं, सव्वीस वर्षं मी त्याच भागाशी संसार करतेय!

गिरणीत हजेरीच्या घड्याळाशेजारी जादा पाळीचा कागद लावतात, हवी त्यानं नाव घालायचं. जुन्या माणसाचा हक्क पहिला, आणि डेल्बर्टहून जुना तिथे फक्त बॉयलर. तान्ही पोरं घरी असलेले बापडे मागे उभे राहून शिव्या घालतात. मी विचारलं की म्हणतो, "माणसं कमी आहेत गं." घरात किती आहेत ते कधी मोजलंस का, म्हटलं. तर बूट घालून गेलासुद्धा.

थोरसन म्हणाली, कारण शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. (स्वतः बिनलग्नाची आहे.) आधी त्याच्या आवडीचं जेवण केलं. तास तेवढेच. मग त्याच्या खुर्चीतून आईला उठवलं. तास तेवढेच, वर आई तीन दिवस बोलली नाही. आता बदलायला दोनच गोष्टी उरल्यात. आई आणि मी.

तुझी,
लवॉन

ता. क. तेव्हा आधी आईपासून सुरुवात. तिला ईस्टरपर्यंत तुझ्याकडे ने. शनिवारी गाडी घेऊन ये. सबबी नकोत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी डेल्बर्टला सांगून बघितलं, आई जाणार, आपण दोघंच राहणार. मान हलवली, जेवला आणि दुसऱ्या दिवशी रविवारच्या पाळीलाही नाव घालून आला. तू येऊ नकोस. आई इथेच राहू दे, संध्याकाळी माझ्याशी भांडायला घरात कोणी तरी हवं.