हिरवी कुंची

पिंपरी, दि. १२ मार्च १९५७

ती. सौ. यशोदाआक्कास,
धाकट्या सुभद्रेचा नमस्कार. इकडे सारं ठीक आहे. हे पहिल्या पाळीला जातात, कारखान्यातल्या औषधाचा वास अंगाला घेऊन दुपारी परत येतात. ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. नदीचं पाणी उतरलं, बायका आता पार पात्रात उतरून धुणी धुतात. मला अजून जाऊ देत नाहीत.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उशाखाली ठेवलंय. रोज काढते, वाचते आणि परत ठेवते. तू विचारतेस, माझ्या वाटणीचं बाळ कसं आहे, अंगानं भरतंय का, गाडी घेऊन कधी येऊ. गाय व्याली, पाळणा टांगला, सासरी आत्याबाई आता घालूनपाडून बोलत नाहीत, असंही लिहिलंस. दाजींच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं त्यांनी मूल घरात येईस्तोवर थांबवलंय, हे वाचलं आणि पुढची ओळच दिसेना मला.

"बाळंतीण सुखरूप, बाकी मागाहून," एवढंच यांनी कार्डावर लिहिलं होतं. ते मीच लिहायला लावलं. बाकी मी लिहीन म्हटलं. आता लिहिते.

दसऱ्याला गावातल्या गवराबाई सुईणीनं माझं पोट चाचपलं ते तुला ठाऊकच आहे. चौथ्यातच सहाव्याएवढं दिसत होतं. ती म्हणाली, "पोरी, दोन डोकी लागत्यात हाताला. जुळं हाय." दिवाळीला तू आलीस तेव्हा मी बोलून बसले की दुसरं तुझं. तू नुसती माझ्या पोटाला हात लावून बसलीस. मग सातव्यात ओटी भरायला दोन कुंच्या शिवून आणल्यास, तांबडी माझ्या बाळाची, हिरवी तुझ्या. म्हणालीस, "आत्याबाई मुलगा मागतील. पण मला विचारशील तर मुलगी दे. माझ्याजवळ बसून बोलेल."

आक्का, त्या दिवशी मला ठाऊक होतं.

त्याआधी एक महिना पोटात कळ येऊन ताप भरला, तेव्हा यांनी मला पुण्याच्या इस्पितळात नेलं होतं. हे बाहेर बाकावर बसले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, मूल एकच आहे. दुसरं डोकं म्हणता ती गर्भाशयाची गाठ आहे, नारळाएवढी, बाळाबरोबर तीही वाढतेय. पुष्कळ बायकांना अशा गाठी असतात, पुष्कळींचं सुखरूपही होतं. पण तुझी गाठ खाली आहे, बाळाच्या वाटेवर. इथे नाव घाल, कळा कधी लवकरही येतील, तेव्हा घरी थांबू नकोस, तडक इथे ये.

मी मान हलवली. बाहेर येऊन यांना सांगितलं, सगळं ठीक आहे, जुळंच आहे. नाव घातलंच नाही.

का, ते तू विचारशील. इस्पितळाच्या कागदावर एकच मूल लिहिलं असतं, आणि ते यांच्या तोंडून तुझ्या सासरी गेलं असतं. तुझं काय झालं असतं मग? म्हटलं, निदान बाळंतपणापर्यंत तरी तुझं घर तुझं राहू दे. पण एवढंच लिहिलं तर मीच मोठी पुण्यवान ठरेन. मलाही ते जुळं सोडवत नव्हतं. चाळीतल्या बायका मला कळशी उचलू देत नव्हत्या, सासूबाई दोन वाट्या खीर पुढे करायच्या. आणि मी मनात म्हणायचे, डॉक्टरीण चुकली असेल, गवराबाईचा हात का खोटा? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काहीच नव्हतं.

आठवा लागायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मी इस्पितळाचं नाव काढलं नाही. सबंध दिवस गवराबाई खटपट करत होती. शेवटी तिनंच हात टेकले, म्हणाली, "आडवं आलंय, मला न्हाई जमायचं." यांनी कारखान्याच्या ट्रकात घालून मला पुण्याला नेलं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. रागावल्या नाहीत, आणि तेच मला सोसवलं नाही.

पोट चिरून बाळ काढलं. रडलं नाही. माझं रक्त थांबेना म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकली. पुढचं मूल तुला देईन असं लिहायला मघाशी हात गेला होता. तीसुद्धा थाप झाली असती. गवराबाईला बोल लावू नकोस. ती रोज येऊन शेकते आणि रडते. तिचा हात चुकला, मी मात्र जाणून चुकले. यांनाही परवाच खरं सांगितलं. तेव्हापासून जेवायला बसले की माझ्याकडे बघत नाहीत.

तेव्हा गाडी घेऊन येऊ नकोस. पाळणा उतरवून ठेव. आत्याबाईंना काय सांगायचं ते मला सुचत नाही. हे पत्र त्यांना दाखव, त्यात तुझा काही दोष नाही. तरी अक्षय्यतृतीयेला तुझ्या दारी दाजींच्या लग्नाचा मांडव पडेल, ते मला कळतंय. तुझं घर राखायला म्हणून खोटं बोलले, आणि तुझं घरही गेलं आणि माझं बाळही.

एक राहिलं. मी शुद्धीवर नव्हते. माती द्यायला नेताना बाळाला गुंडाळायला काही आणा असं इस्पितळातले म्हणाले, तर यांनी घरी येऊन ट्रंक उघडली आणि हाताला आली ती कुंची नेली. घरी आल्यावर मी पाहिलं. तांबडी ट्रंकेतच आहे.

मुलगी होती, आक्का. एकच होती, आणि ती तुझीच होती.

तिला न जपलेली,
सुभद्रा