साडेतीन संपर्क

...अँटेनाचा खांब बायकोने धरला होता, तारेचं दुसरं टोक आईच्या छत्रीला बांधलं होतं आणि मी बॅटरीची वायर दातांनी सोलत होतो, तेवढ्यात वारा सुटला. मामा, पत्राला इथूनच सुरुवात करतो. नमस्कार आणि गुडघ्यांची चौकशी आधीच झाली असं समजा. (तुमचं माझ्याशी बोलणं आहे, आईशी नाही. म्हणून पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलं आहे.)

हौशी रेडिओचा परवाना मला तुमच्यामुळे मिळाला आणि नियमही तुम्हीच शिकवलात: डोंगरमाथ्यावरून चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क झाला तर डोंगर आपल्या नावावर लागतो. तीनच झाले तर ती नुसती सहल. आई बरोबर आली कारण मी एकटा परत येईन यावर तिचा विश्वास नाही. बायको आली कारण खांब धरायला माणूस लागतो.

पहिला संपर्क लगेच झाला. हेडफोन माझ्या कानाला, म्हणून बायकोने विचारलं, “काय म्हणाला?”

“माझा आवाज चांगला येतोय म्हणाला.”

“तू काय म्हणालास?”

“त्याचाही चांगला येतोय.”

“मग?”

“मग संपलं.”

“एवढं तर आपण घरातही बोलतो,” ती म्हणाली आणि तिने खांब दुसऱ्या हातात घेतला.

दुसरा आणि तिसराही असाच. (तिसऱ्याने हवामान सांगितलं. ते आमचंच होतं. तो याच डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसला होता.) त्यानंतर कोणीच येईना. हाका मारून घसा बसला, तसा मीही दगडावर बसलो. आईने डबा उघडला.

बायकोने विचारलं, मामांनाच का नाही हाक मारत? आई म्हणाली, त्याला कशाला. आणि मग तिने गच्चीची हकिगत काढली. तुम्ही आमच्या गच्चीवर अँटेनाची तार बांधलीत, तिने त्या तारेवर ओल्या चादरी वाळत घातल्या, तार तुटली, आणि नेमके तेव्हा तुम्ही समुद्रापलीकडच्या एका बेटाशी बोलत होतात. ते बेट तुम्हाला पुन्हा सापडलं नाही. तुम्ही तिला अडाणी म्हणालात, ते ती विसरली नाही. हे मी दोन्ही बाजूंनी भरपूर ऐकलं आहे. पण या वेळी ती पुढे म्हणाली, “चादरी मी मुद्दाम घातल्या. जेवायला बोलावून दमले होते. बेटाने हाक मारली की लगेच उत्तर, बहिणीला मात्र नाही.” मग झाकण लावता लावता, “आता एकटा काय खात असेल कोण जाणे. मेला फोनही करत नाही.”

पाण्याची बाटली घ्यायला मी उठलो. माईक माझ्या खाली होता, बटण दाबलेलं. (म्हणून इतका वेळ आमचंच बोलणं बाहेर जात होतं आणि बाहेरचं कोणी ऐकू येत नव्हतं.) उठताक्षणी कानात तुमचा आवाज आला: “कोणाचं तरी बटण अडकलंय. लहर मोकळी करा.” मी माझं संकेतनाम सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, “पाच-नऊ. सगळं स्वच्छ ऐकू आलं.” आणि सेट बंद केलात.

आईने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, होतं कोणीतरी.

मामा, माझा आवाज कसा येतोय याचा रिपोर्ट तुम्ही दिलात, पण तुमचा माझ्याकडून घेतला नाहीत. नियमाप्रमाणे हा अर्धा संपर्क. क्लबात डोंगरांचे दावे तुम्हीच तपासता, तेव्हा हा पूर्ण धरावा, एवढीच विनंती.

आपला भाचा

ता. क. डोंगर नाही मिळाला तरी चालेल. आईला फोन करा. ती पटकन उचलणार नाही. घंटा पूर्ण वाजू द्या.

ता. क. २. तुम्ही ऐकलंत हे तिला कळलेलं नाही. कळलं तर ती माझ्याशीही बोलायची नाही.

ता. क. ३. (सकाळी) पत्र अजून टाकलेलं नाही. आई आत्ता सेटवरची धूळ पुसत होती. म्हणाली, “काल हा लाल दिवा किती वेळ लागलेला होता. बॅटरी उतरली असेल.” मी म्हणालो, तुला दिसत होता? ती म्हणाली, “समोरच तर होता. माझा भाऊ बोलायला लागला की त्याच्याही सेटवर लागतो. आणि सुट्टीच्या दिवशी तो सेटसमोरून हलत नाही.” मग तिने विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं, स्वच्छ ऐकू आलं म्हणाले. तिने फडका झटकला आणि ती भाजी चिरायला गेली.