गप्पीचं बाळंतपण

मुरूड, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८८०

आज संध्याकाळी काचेच्या टाकीतली गप्पी व्याली! पिल्लं म्हणजे नुसते पोहणारे डोळे. मी आनंदानं ओरडलो, तोच सोनमाशानं एक गिळलं. टाकीत कोणाशेजारी कोण नांदेल ते मी रंगसंगती पाहून ठरवलं होतं. कोणाच्या तोंडात कोण मावतं, ते पाहायला हवं होतं. अलंकारशास्त्र शिकल्याचा परिणाम, दुसरं काय!

सौ. धावत आली. "अहो, बाळंतिणीला वेगळी खोली नको का?" म्हणत तिनं टाकीतल्याच पाण्यानं काचेची बरणी भरली. आई-पिल्लं तिच्यात ठेवली, तर आईनंच एक मटकावलं! तोंड ते तोंडच. मग आईची परत टाकीत रवानगी.

बाकीची पिल्लं सुखरूप आहेत. सौ. बरणीपाशी बसली आहे. "हळू बोला, दचकतील ती." घरात मासे नकोत म्हणून माझ्याशी अबोला धरणारी हीच का?