दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय धाकट्या,

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडतोस. पत्रात ते तुला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांची वाचा गेली तेव्हा तू चार दिवस रजा काढून आलास आणि कॉलेजात शिकलेली सी ही संगणकभाषा आठवून एका दुपारीत प्रोग्राम लिहिलास, याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं. पडद्यावर प्रश्न येणार, बाबांनी एका बोटाने हो असेल तर वाय, नाही असेल तर एन दाबायचं आणि मग एंटर. पहिला प्रश्न होता, पाणी हवं का. वाय. दुसरा, ही शेजारी बसलेली तुमची मुलगी का. तिसरा, आई हयात आहे का. त्यावर वाय उमटलं आणि तू उठून गॅलरीत गेलास. आईला जाऊन सहा वर्षं झाली. परत आलास तो निकाल घेऊनच, की बाबांना आता काही कळत नाही. काकांना फोनवर तेच, डॉक्टरांना तेच, आणि सगळं बाबांच्या पलंगापाशी उभं राहून. त्यांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

मी तेव्हा पडद्याकडे नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ही चूक माझी. परवा प्रोग्राम स्वतः चालवून पाहिला. मी काहीही न दाबता दुसरा प्रश्न आपोआप पुढे सरकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुझ्या प्रोग्रामने वाय उचललं, पण त्यामागचं एंटर तसंच पडून राहिलं. दुसऱ्या प्रश्नाने तेच उत्तर म्हणून गिळलं आणि लगेच तिसरा आला. बाबा अजून दुसऱ्याचंच उत्तर देत होते, त्यांचं वाय पडलं तिसऱ्यावर. ही माझी मुलगी आहे, एवढंच ते सांगत होते. उत्तर वाचून घेणाऱ्या स्कॅनएफच्या ओळीत टक्का-सी या खुणेच्या आधी एक मोकळी जागा सोडली असतीस, तर ते उरलेलं एंटर ओलांडून प्रोग्राम थांबला असता. माझ्या वर्गातली पोरं पहिल्या महिन्यात हीच चूक करतात, मी त्यांचे दोन गुण कापते. तू त्या चुकीवर बापाची अक्कल काढलीस. तीस वर्षं मुद्रितशोधन केलेला माणूस तो.

जागा सोडली आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. आईच्या प्रश्नावर त्यांचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग एन. नंतर मी माझा एक प्रश्न घातला, की तू ठरवलेल्या शुश्रूषा केंद्रात राहायला जायचं का. तिथे मात्र बोट जराही थांबलं नाही. एन. सोमवारी त्यांना न्यायला येणारी गाडी मी रद्द केली आहे. तुला विचारलं नाही. तू तरी कुठे कोणाला विचारलं होतंस?

काल मी प्रश्नच काढून टाकले. एंटर दाबेपर्यंत जे टाइप होईल ते सगळं घेणारा प्रोग्राम करून दिला. बाबांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, एका ओळीला पाऊण तास लागला. त्या ओळीपायीच हे पत्र. 'त्याला रागावू नकोस. ये म्हणावं.' पहिलं मला जमलेलं नाही, ते वर दिसतंच आहे. दुसरं कळवते. ये.

अजून धुसफुसत असलेली, तरी तुझीच,
ताई